दगडातली जोडपी चालतात

ऐतिहासिक वास्तू दोघांनी मिळून बघायची असेल तर आधी मरून घ्यावं, नाहीतर किमान लग्न तरी करून घ्यावं. या दोन्ही अवस्थांत पहारेकरी शिट्टी मारत नाही.

बाकीच्यांसाठी पाटी असते. पुरातत्त्व खात्याची निळी पाटी स्मारकाचं काय करू नये ते सांगते. तिच्या शेजारी कुठल्याशा समितीनं स्वखर्चानं रंगवलेली दुसरी पाटी असते, ती जोडप्यांनी काय करू नये ते सांगते. ‘जोडप्यांनी आडोशाला बसू नये. आढळल्यास कारवाई करण्यात येईल.’ किल्ल्याच्या तटावर ही पाटी वाचली की हसू येतं. किल्ला बांधतातच मुळी आडोशासाठी. आडोसा नको असता तर महाराजांनी माळरानावरच राहुट्या ठोकल्या असत्या.

मी आणि नवरा सुट्टीच्या दिवशी सकाळी निघून रात्री घरी, अशा सहली करतो. आम्हाला आजवर कुणी हटकलेलं नाही. लग्न झालेलं जोडपं पहारेकऱ्याला लांबूनच ओळखू येतं. नवरा वीस पावलं पुढे असतो. बायकोच्या हातात पिशवी असते आणि गाडी सावलीत लावली का नाही, यावरचा वाद दोन बुरुजांच्या अंतरावरून चालू असतो. आतापर्यंत एकाही पहारेकऱ्यानं आमच्याकडे लग्नाचा पुरावा मागितलेला नाही. नवऱ्याची पाठ हाच पुरावा.

लग्न ठरलेल्यांची आणखी वेगळी सोय आहे. त्यांच्यासोबत फोटोग्राफर असतो, त्याचा मदतनीस असतो, चंदेरी पत्रा धरणारा एक, मेकअपवाली एक, झग्याचा घोळ उचलून उंच उडवणारी मावसबहीण एक. पाच माणसं सोबत असली की मिठी मारायला हरकत नसते, उलट ‘अजून जवळ, अजून जवळ’ असं ओरडून सांगतात. याला प्री-वेडिंग म्हणतात. हरकत आहे ती वेडिंगच्या आधी दोघांनी गुपचूप बसण्याला. थोडक्यात, प्रेमाला साक्षीदार पाहिजेत. मग दस्त नोंदवला गेल्यासारखं सगळ्यांना बरं वाटतं.

तर कार्ल्याच्या लेण्यांची गोष्ट. पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरायची आणि मळवलीला उतरायचं. रुळांच्या एका अंगाला भाजे, लोहगड, विसापूर. दुसऱ्या अंगाला कार्ले. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना हार, नारळ, ओट्या, चिक्की आणि दुकानाच्या फळीखाली पाय बांधून ठेवलेल्या कोंबड्या. वर एकवीरेचं देऊळ आणि लेणी एकमेकांना इतकी खेटून आहेत, की देवीच्या रांगेतला माणूस मान वळवली तर अडीच पावलांवर सातवाहनांच्या काळात जातो. तो वळवत नाही. तिकीट लागतं म्हणे. पंचवीस रुपये! आत्ताच दीडशेची ओटी घेतलेल्या माणसाला हे पंचवीस फार जड जातात.

आत भारतातलं सर्वांत मोठं चैत्यगृह आहे. छताला लाकडी फासळ्या आहेत आणि त्या जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या, मूळच्याच आहेत. आमच्या सोसायटीतल्या जिन्याचा कठडा अकरा महिन्यांत हलायला लागला, हे नवऱ्यानं तिथे उभं राहून मोठ्यानं सांगितलं. पाट्या मोठ्यानं वाचायच्या आणि त्यांची सोसायटीशी तुलना करायची, ही त्याची इतिहासाची पद्धत आहे. ‘थुंकू नये’सुद्धा तो मोठ्यानं वाचतो.

मी मात्र दारातच अडकले होते. चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर, दारांच्या अंगांना, जवळजवळ माणसाएवढी जोडपी कोरलेली आहेत. दागिने भरपूर, कपडे बेताचे. कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर. सगळी छान टुकटुकीत, आपल्याच तोऱ्यात. आत खांबांच्या डोक्यावर हत्ती आहेत आणि हत्तींवर पुन्हा जोड्या. ही दान देणाऱ्यांची जोडपी म्हणावीत, की मंगल म्हणून कोरलेली मिथुनं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण ती भिक्षूंच्या चैत्यगृहाच्या दारात उभी आहेत, याबद्दल कुणाला वाद घालता येत नाही. रोज पहाटे वंदनेला येणारा भिक्षू त्यांच्या शेजारून आत जात असणार. ज्यांनी संसार सोडला त्यांना या जोडप्यांचा त्रास झाला नाही. त्रास होतो तो ज्यांचा संसार चालू आहे त्यांना.

दानाचे लेख तर अजून मजेचे. वैजयंतीचा म्हणजे बनवासीचा श्रेष्ठी भूतपाल हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं सांगून मोकळा झाला आहे; कोकणातून घाटावर येणाऱ्या वाटेवर इतक्या खुल्या मनानं स्वतःची जाहिरात त्यानंतर फक्त चिक्कीवाल्यांनीच केली. काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिलेत. दाराचं काम धेनुकाकटच्याच सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचं. दान देणाऱ्यांत भिक्षुणीही आहेत. थोडक्यात परदेशी, व्यापारी, अत्तरवाले, बाया, बाप्ये, सगळ्यांनी वर्गणी काढून उभारलेली जागा. जातपात, लग्न झालंय का नाही, असलं काही विचारून पावती फाडल्याचं दिसत नाही.

अशाच एका लेण्यात (नाव सांगत नाही, बिचाऱ्या पहारेकऱ्याची नोकरी जायची) एक मुलगा आणि एक मुलगी नेमकी एका कोरीव जोडप्याच्या पायाशी बसली होती. मुलाचा हात मुलीच्या खांद्यावर. वरच्या दगडी पुरुषाचा होता, डिट्टो तसाच. शिट्टी वाजली. पहारेकरी धावत आला आणि म्हणाला, ‘‘हे ऐतिहासिक ठिकाण आहे, इथे असलं चालणार नाही.’’ मुलीनं वर बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं. तोही वर बघायला लागला. गेली कित्येक वर्षं तो त्या भिंतीला पाठ करून उभा राहिला असणार. ‘‘ते जुनं आहे,’’ तो म्हणाला.

नवरा म्हणाला, ‘‘बरोबर आहे त्याचं. त्याची ड्यूटी आहे.’’ मी म्हटलं, ‘‘तू शेवटचा माझ्या खांद्यावर हात कधी टाकला होतास?’’ तो म्हणाला, ‘‘पायऱ्या उतरताना. गुडघा दुखत होता.’’

आता नाणेघाट. जुन्नरच्या पुढे, घाटमाथ्यावर, खाली कोकण. वरती एक दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणून दाखवतात. सगळे त्यात डोकावतात आणि फोटो काढतात; टोलनाक्याबद्दल इतकी आपुलकी महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे दिसणार नाही. खाली लेणं आहे आणि भिंतीवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख. अश्वमेध झाला, राजसूय झाला, अमक्या यज्ञाला इतक्या गाई, तमक्याला इतके हत्ती, इतके कार्षापण. आकड्यांसाठी हा लेख जगभरच्या गणिताच्या इतिहासकारांना माहीत आहे. मला तो महाराष्ट्रातला घरखर्चाचा पहिला हिशेब वाटतो, आणि तो बायकोनं ठेवलेला आहे, यात आश्चर्य काही नाही. नवऱ्यानं यज्ञ करायचे, बायकोनं दक्षिणा कुठे किती गेली ते लिहून ठेवायचं.

पण त्या लेण्याची खरी चीज दुसरीच आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्याच्या मूर्ती कोरल्या होत्या. एका रांगेत, जणू लग्नाच्या हॉलबाहेरचा घरच्यांचा फोटो. मूर्ती कधीच तुटून गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. शिल्लक आहेत ती वरची नावं. सिमुक राजाचं. मग देवी नायनिका (म्हणजे आपली नागनिकाच) आणि राजा श्री सातकर्णी. राणीचं नाव आधी! पत्रिकेवर ‘सौ.’ मागून येण्याच्या किती आधीची ही गोष्ट. पुढे कुमार आहेत आणि त्यांच्या मधोमध एक महारठी सरदार आहे. बहुतेक अभ्यासक त्याला राणीचे वडील मानतात.

‘‘म्हणजे फॅमिली फोटोत सासरे?’’ नवरा विचारात पडला. ‘‘शिवाय लेण्याचा खर्च राजानं केला असणार.’’

मी म्हटलं, ‘‘हिशेब कुणी लिहिलाय ते बघ.’’

फोटो गेला आणि नावं राहिली, हे दोन हजार वर्षांनी कुणाला तरी इतकं पटलं, की आसपासच्या भिंतींवर सध्या फक्त नावंच आहेत. खडूनं, कोळशानं, गाडीच्या किल्लीनं. मधे बदाम, बदामातून बाण. हे मात्र मला मुळीच गोड वाटत नाही, आणि इथे मी पहारेकऱ्याच्या बाजूनं आहे. गंमत अशी, की खांद्यावर हात टाकणाऱ्यावर शिट्टी वाजते आणि भिंत खरवडणाऱ्याच्या वेळेला पहारेकरी चहाला गेलेला असतो. संरक्षित स्मारक विद्रूप केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कायदा सांगतो; २०१० मध्ये ही शिक्षा वाढवली. खांद्यावरच्या हातासाठी त्या कायद्यात कलम सापडत नाही. म्हणजे ज्यासाठी कलम आहे त्यासाठी शिट्टी नाही आणि ज्यासाठी शिट्टी आहे त्याला कलम नाही.

नाव कोरायचंच तर रायगडावर हिरोजी इंदुलकरांचं बघावं. अख्खी राजधानी उभारली आणि नाव कुठे, तर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागावा अशा जागी. आमच्या वॉर्डातल्या बाकड्यावर बाकड्यापेक्षा मोठं नाव आहे, त्यामुळे टेकून बसलं की पाठीवर नगरसेवक उमटतो.

पुण्यातल्या पुण्यात जायचं तर शनिवारवाडा. पायाभरणी १७३०, वास्तुशांत १७३२. पाच दरवाजे, त्यातला एक मस्तानीच्या नावाचा. आत काय बघायचं, तर जोती. १८२८ च्या आगीत वरचं सगळं गेलं. त्यामुळे इथे कल्पनाशक्ती आणि गाइड, दोन्ही लागतात. नवरा-बायको तटावरून एक फेरी मारतात, नारायणरावाच्या खुनाची जागा विचारतात, ‘काका मला वाचवा’ म्हणून एकमेकांना हाक मारतात आणि बाहेर येऊन भेळ खातात.

मला त्या मस्तानीच्या दरवाजाचं नवल वाटतं. बाई जिवंत असताना बाजीरावाच्या घरच्यांनी तिला आपलं मानायला नकार दिला, बाजीराव मोहिमेवर असताना तिला कैदेत ठेवलं. १७४० च्या एप्रिलमध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले, पाठोपाठ तीही गेली. तिची कबर पाबळला आहे, तिकडे सहल जात नाही. कोथरूडच्या तिच्या महालाचा भाग केळकर संग्रहालयात आणून उभा केलाय, तो मात्र तिकीट काढून बघतात आणि ‘अय्या, किती नाजूक काम’ म्हणतात. २०१५ मध्ये या दोघांवर सिनेमा आला, तेव्हा बाजीरावांची पहिली बायको काशीबाई आणि मस्तानीनं मिळून पिंगा घातला म्हणून पुण्यात केवढा गदारोळ. दोघींनी एकत्र नाचलेलं चालत नव्हतं, दोघांनी एकत्र राहिलेलं तर त्याही वेळी चाललं नाही. आणि आज वाड्याच्या बाहेरच्या हिरवळीवर बसलेल्या पोरा-पोरींना हाकलणारे काका घरी जाऊन तो सिनेमा डोळे पुसत बघतात.

सिंहगडाबद्दल फार लिहीत नाही. सिंहगड ही ऐतिहासिक वास्तू आहे, असं मानणारे लोक अल्पसंख्य आहेत. तिथे पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही या त्रिस्थळी यात्रेला लोक जातात. तानाजी मालुसऱ्यांपर्यंत पोचतात तेही जेवण होईपर्यंत वेळ असेल तर. राजाराम महाराजांचं निधन याच गडावर झालं, १७०० साली, त्यांची समाधीही तिथेच आहे. तिचा रस्ता नवऱ्यानं भजीवालीला विचारला तर ती म्हणाली, ‘‘आधी खाऊन घ्या.’’ आम्ही खाऊन घेतलं.

थेऊरबद्दल मात्र लिहायला हवं.

पुण्याहून तासाभरावर, मुळा-मुठेच्या काठी. चिंतामणीचं देऊळ, अष्टविनायकांतलं. जोडप्यानं दर्शन घ्यावं म्हणतात. इथे कुणी शिट्टी मारत नाही, उलट पुजारी स्वतःच ‘दोघं मिळून या पुढे’ म्हणून वाट करून देतो. थोरले माधवराव पेशवे इथेच गेले, १८ नोव्हेंबर १७७२ ला, क्षयानं. सत्ताविसाव्या वर्षी. रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. नदीकाठी त्यांचं वृंदावन आहे.

तिथे आलेली कुटुंबं थांबतात, चपला काढतात, हात जोडतात. एक आजी शेजारच्या नव्या सुनेला सांगत होत्या, ‘‘बघ, याला म्हणतात जोडा.’’ सून नमस्कार करत होती. तिचा नवरा वीस पावलं पुढे जाऊन पार्किंगच्या पावतीवर हुज्जत घालत होता. मला एकदम किल्ल्यावरच्या त्या आडोशाच्या पाटीची भाषा समजली. आपल्याकडे जोडप्याला आक्षेप कधीच नव्हता. त्यातलं एक जळून गेलेलं असलं, तर आपण स्वतः फुलं आणून वाहतो. जुन्या देवळांच्या आवारात सतीशिळा असतात, त्यांवर बांगड्या भरलेला, कोपरात वळलेला एक हात कोरलेला असतो. त्या हाताला शेंदूर लागतो, हळद लागते. जिवंत हात खांद्यावर पडला की शिट्टी.

माधवराव-रमाबाईंवर कादंबरी लिहिली गेली, ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली आणि अनेक घरांत ती लग्नात भेट म्हणून आली. आमच्याकडे दोन प्रती आल्या होत्या. त्या वेळी मला ते फार रोमँटिक वाटलं होतं. नवऱ्यानं वाचली नाही, त्याला शेवट माहीत होता.

राज्यातले काही किल्ले हॉटेलांना आणि लग्नसमारंभांना द्यायचे, अशी बातमी २०१९ मध्ये आली होती. महाराष्ट्र पेटून उठला, सरकारला घाईघाईनं खुलासे करावे लागले. मीही तेव्हा चिडले होते, आजही चिडेन. बुफेचं टेबल बुरुजावर नकोच. पण तेव्हा ‘किल्ल्यावर माणसं नाचणार, जेवणार, झोपणार?’ असा जो सूर लागला होता, तो ऐकून मला प्रश्न पडला, की हे किल्ले बांधले तेव्हा त्यांवर लोक काय करत होते? दिवसभर नुसते स्फूर्ती देत बसले होते का? तिथे धान्याची कोठारं आहेत, पाण्याची टाकी आहेत, जाती-उखळी सापडतात, चुलीची जागा सापडते. बायका होत्या, पोरं होती, भांडणं होती. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. कार्ल्याच्या समोरचा लोहगडही त्यात आहे. आता जग बघायला येणार म्हणून नवरा खूश आहे. माझा प्रश्न फार खालच्या पातळीवरचा आहे. जग आल्यावर जाणार कुठे?

पुरुषाची एक दिवसाची सहल भजी कुठे मिळतात यावर आखलेली असते, बाईची स्वच्छतागृह कुठे आहे यावर. सकाळी सहाला निघायचं म्हणून मी पाच वाजता चहा घेत नाही. गडावर चार तास पाणी घोटाघोटानं पिते. नवरा इतिहासाच्या ओघात कुठल्याही झुडपाआड जाऊन येतो आणि परत येऊन विचारतो, ‘‘तुझं तोंड का असं झालंय? इंटरेस्ट नाही का?’’ पायथ्याशी पाटी असते, ‘महिला’. दाराला कुलूप असतं. किल्ली कुणाकडे, तर तो जेवायला गेलेला असतो. एका ठिकाणी तर आत सिमेंटची पोती रचून ठेवली होती, तटबंदीच्या दुरुस्तीची. म्हणजे तटबंदीची सोय झाली होती.

पुढच्या रविवारी रायगड ठरलाय. नवऱ्याला होळीचा माळ, बाजारपेठ, नगारखाना, सगळं पायी बघायचंय, रोपवे म्हणजे त्याला पळवाट वाटते. मी रोपवेनं जाणार आहे. मला फक्त राणीवसा बघायचाय. तिथल्या महालांना स्वतंत्र शौचकुपं होती, त्यांच्या खुणा अजून दिसतात म्हणे. साडेतीनशे वर्षांपूर्वी, सह्याद्रीच्या माथ्यावर, बायकांसाठी!

नवरा म्हणाला, ‘‘एवढ्या लांब जाऊन तू हे बघणार?’’

म्हटलं, बघणारच. वापरायला कुठे मिळणार आहे?